पाच पाउंड आणि वर दोन

क्रॉफिश पाण्यात बुडून मरतो. हे वाक्य मी चौदा वर्षांत इतक्या वेळा बोलले आहे, की एकदा झोपेतही बोलले असं आमचे हे सांगतात. ऐकणारा आधी हसतो, मग माझ्याकडे संशयाने बघतो. "अहो ताई, तो पाण्यातलाच ना?" पाण्यातलाच, पण मोकळ्या, खेळत्या पाण्यातला. तुमच्या बादलीत टाकलात की पाण्यातली हवा तो थोड्या वेळात संपवतो आणि गुदमरतो. त्यापेक्षा ओल्या फडक्याखाली, गारव्याला, पाण्याबाहेर ठेवला तर दीड-दोन दिवस खुशाल जगतो. एवढं सांगूनही माणसं घरी जाऊन करायचं तेच करतात.

पुण्याचं एक नवं जोडपं आठवतं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, लग्नाला सहा महिने झालेले. शनिवारी पाच पाउंड जिवंत क्रॉफिश घेऊन गेले आणि रविवारी सकाळी दुकान उघडायच्या आत दारात उभे. रात्री त्यांना त्या जिवांची दया आली होती. म्हणून बाथटब भरून, पाणी कोमट करून त्यात सगळे सोडले, वर दिवा मंद ठेवला. सकाळी सगळे उताणे. मुलगा अगदी रडवेल्या आवाजात म्हणाला, "मावशी, आम्ही त्यांना स्विमिंग पूल दिला हो." मी त्यांना दुसरा वाटा भरून दिला आणि एका कागदावर मराठीत सूचना लिहून दिल्या. पहिली ओळ अर्थातच, 'पाण्यात टाकू नये.' पुढे त्या कागदाच्या झेरॉक्स काढून मी प्रत्येक पिशवीत टाकू लागले. माझं मराठीतलं तेवढंच लेखन आजवर प्रसिद्ध झालेलं आहे.

आता मी कोण, ते सांगते. मी वंदना. माहेर भंडाऱ्याचं, सासर नागपूरचं. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो लग्नानंतर, आणि तोही दोन तास. नवऱ्याच्या नोकरीपायी टेक्सासात अर्विंगला आले. बरीच वर्षं घरी बसले, आणि कामाचा परवाना हातात पडला तेव्हा चाळिशी उलटून गेली होती. आमच्या घराजवळ लानबाई नावाच्या व्हिएतनामी बाईंचं मासळीचं दुकान होतं. दारावर 'माणूस पाहिजे' अशी पाटी बघून आत गेले. लानबाईंनी शिक्षण विचारलं नाही, अनुभव विचारला नाही. एक जिवंत क्रॉफिश माझ्यापुढे ठेवला आणि उचल म्हणून खूण केली. भंडारा म्हणजे तलावांचा जिल्हा. तलावातले झिंगे आणि बांधावरचे खेकडे धरतच आम्ही लहानाचे मोठे झालो. नांग्यांच्या मागून पाठीला चिमटीत धरून मी तो उचलला. तेवढ्यावर मला नोकरी मिळाली.

न बघितलेल्यांसाठी सांगते. क्रॉफिश दिसायला खेकडा आणि कोळंबी यांच्या भांडणातून झाल्यासारखा असतो. बोटभर लांब, लालसर काळा, पुढे दोन नांग्या, आणि खायचं मांस ते सगळं शेपटीत. शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या शेततळ्यांतून तो जाळीच्या पोत्यांतून येतो. एका पोत्यात तीस-पस्तीस पाउंड. इथले लोक अंगणात मोठा हंडा मांडतात, पाण्यात तिखट मसाला, लिंबं, बटाटे, मक्याची कणसं घालून उकळतात आणि त्यात आख्खं पोतं रिकामं करतात. मग गॅस बंद करून झाकून ठेवायचं, तेव्हा कुठे मसाला आत मुरतो. टेबलावर वर्तमानपत्रं पसरून त्यावर ढीग ओतायचा आणि सगळ्यांनी भोवती उभं राहून हातांनी खायचं. तिथे एकेक माणूस चार-चार पाउंड संपवतो.

आपल्या चौघांच्या घराला पोतं काय करायचं? आणि पोतं फोडून सुटं विकायला कोणी व्यापारी तयार नसतो. कारण पोतं बांधलेलं असेपर्यंत आतले जीव दाटीवाटीने गप्प पडून असतात. उघडलं की ते हलायला लागतात, थकतात, आणि दोन दिवसांत निम्मे हातचे जातात. उघडलेलं पोतं परत बांधता येत नाही. म्हणून सुटं विकणाऱ्याला एकच गोष्ट नीट यावी लागते. आज किती गिऱ्हाईक येणार हे त्याला आदल्या दिवशी कळलं पाहिजे.

ते मला कळायचं. अर्विंगमध्ये आपली माणसं पुष्कळ. आणि आपल्या माणसांचं खाणं वारावर चालतं. सोमवारी महादेव, गुरुवारी दत्त, शनिवारी मारुती, मध्ये चतुर्थी नि एकादशी. बहीण दरवर्षी नागपूरहून मला भिंतीवरचं कॅलेंडर पाठवायची. ते मी काट्याच्या शेजारी टांगलं होतं आणि ते बघून पोती फोडायची. लानबाईंना आधी वाटायचं की मी सारखी सुट्ट्या मोजते. मग त्यांच्या लक्षात आलं की माझ्या ट्रेमध्ये संध्याकाळी काही उरत नाही.

विकायची पद्धतही मी आपलीच लावली. पाच-पाच पाउंडांचे ढीग करून ओळीने मांडायचे, आपल्या बाजारात वाटे मांडतात तसे. वाटा दाखवला की माणूस भाव कमी करत बसत नाही, कुठला वाटा मोठा ते बघत बसतो. आणि वाटा आला की वर आलंच. ही सुरुवात केली शैलाकाकू पाटणकरांनी. पाच पाउंड मोजून झाल्यावर त्या तशाच उभ्या राहिल्या. मी म्हटलं, काय राहिलं काकू? तर म्हणाल्या, "वर दोन टाक की गं." मी दोन टाकले. मागे उभ्या असलेल्या बाईने ते पाहिलं आणि त्या दिवसापासून दोन टाकल्याशिवाय एक पिशवी माझ्या हातून सुटली नाही.

शैलाकाकूंचे यजमान म्हणजे पाटणकरकाका. देवगडचे. बँकेतून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले आणि मग इथलेच झालेले. त्यांचं आणि माझं पहिल्या दिवसापासून वाजलं. भंडाऱ्याच्या बाईने देवगडच्या माणसाला मासळी विकावी हेच त्यांना पटत नव्हतं. "गोड्या पाण्यातलं ते. त्याला चव कसली असणार?" असं म्हणायचे आणि दर पंधरा दिवसांनी पाच पाउंड न्यायचे. पहिल्या खेपेला त्यांनी घरी जाऊन एकेक क्रॉफिश कोळंबीसारखा सोलला. डोकी काढली, कवच काढलं, मधला काळा दोरा काढला. तीन तास बसले होते. शेवटी जे उरलं ते एका वाटीत मावलं. ती वाटी तशीच हातात घेऊन ते दुकानात आले आणि काट्यावर ठेवून म्हणाले, "बघा, हे तुमचे पाच पाउंड." मी त्यांना समजावलं की काका, हा सोलून शिजवायचा नसतो, शिजवून सोलायचा असतो, आणि डोक्यातला रस चोखायचा असतो. चोखायचं म्हटल्यावर त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

असं बरं चाललं होतं. मग लानबाईंचा मुलगा केव्हिन शिकून दुकानात आला. पोरगं हुशार, कष्टाळू, पण प्रत्येक गोष्ट वजनात बघणारं. पोत्यात किती आलं आणि काट्यावर किती विकलं, यात रोज फरक का पडतो, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, काही मेले, काही वर गेले. मेलेले त्याला समजले. वर गेलेले समजेनात. मागितलं नसताना, नियम नसताना, मोजून झाल्यावर माणूस वर का टाकतो, हे मी त्याला तीन वेळा सांगितलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "मिस वंदना, दॅट इज नॉट अ रीझन."

मग त्याने आईपुढे मांडलं की सुटं बंद करू. पोती विकू आणि शिजवलेलं विकू. सुट्याच्या काउंटरवरून मला मागच्या खोलीत गोठवलेली मासळी पॅक करायला पाठवायचं ठरत होतं. पगार तोच राहणार होता. पण मागच्या खोलीत दिवसभर मशीनचा घुर्र आवाज आणि मी. काउंटरवर मला ताई म्हणणारी, मावशी म्हणणारी, सासूच्या कागाळ्या सांगणारी, भंडाऱ्याला पाऊस झाला का विचारणारी माणसं होती. त्या परक्या मुलखात माझं नाव घेऊन कोणी हाक मारायचं ते तिथेच. मी ते सोडायला तयार नव्हते. खरं सांगायचं तर मी घाबरले होते.

लानबाई मुलाला नाही म्हणाल्या नाहीत, हो पण म्हणाल्या नाहीत. ईस्टर नुकताच झाला होता. ईस्टरच्या आधीचे सहा-सात आठवडे इथली ख्रिस्ती मंडळी शुक्रवारी मटण-चिकन सोडून मासळी खातात, म्हणून पोत्यांवर उड्या पडतात, नंतर ती गर्दी ओसरते आणि नेमका तेव्हाच माल मोठा आणि चांगला येतो. त्या म्हणाल्या, येत्या शुक्रवारी वंदनाला तीन पोती द्या. संध्याकाळी सहाला तिचा ट्रे रिकामा झाला तर सुटं चालू राहील, नाही तर सोमवारपासून बंद. केव्हिनने मान डोलावली. मीही डोलावली.

तीन पोती म्हणजे शंभर पाउंड, म्हणजे वीस वाटे. मी कॅलेंडर बघितलं. संकष्टी शनिवारी होती. म्हणजे शुक्रवार मोकळा, आणि उद्या उपास म्हणून आज खाऊन घेऊ म्हणणारेही येणार. आमच्या ग्रुपवर मेसेज टाकला आणि गुरुवार दुपारपर्यंत वीसच्या वीस वाटे नावाने लागले. मी स्वतः मुलगी पोटात असल्यापासून संकष्टी करते, त्यामुळे तारखेत माझी चूक होईल असं माझ्या मनातही आलं नाही.

शुक्रवारी नऊ वाजता तिन्ही पोती फोडली. मेलेले काढले, पाणी मारलं, वाटे मांडले. दहा वाजता फोन वाजायला लागला. इथल्या मंदिराचा मेसेज सगळ्यांना आला होता. चतुर्थी धरायची ती चंद्र उगवताना जी तिथी असेल त्यावर. आपली शुक्रवारची संध्याकाळ म्हणजे भारतातली शनिवारची सकाळ. त्या हिशेबाने टेक्सासातली संकष्टी आजच होती. नागपूरच्या कॅलेंडरात उद्याची. इतकी वर्षं मी भिंतीवरचं कॅलेंडर बघून पोती फोडली आणि ज्या दिवशी नोकरी पणाला लागली त्या दिवशी ते कॅलेंडर दुसऱ्या देशाचं निघालं. मी सकाळी उपमा खाऊन आले होते, तोही आठवला. कांदा घातलेला.

तासाभरात सोळा वाटे कॅन्सल झाले. सगळे बिचारे माफी मागत होते. उरले तिघं. एक वसईचे ख्रिस्ती काका, एक देव न मानणारा मुलगा, आणि एक ज्याने मेसेज वाचलाच नव्हता. त्याला तो वाचायला सांगावा की नाही यावर मी पाच मिनिटं विचार केला. सांगितला नाही. गणपती मला क्षमा करो. केव्हिन समोरून दोनदा गेला. दोन्ही वेळा त्याने ट्रेकडे बघितलं.

विसावा वाटा पाटणकरकाकांचा होता. ते अकराला स्वतः हजर झाले, छाती काढून. मंदिराचा मेसेज त्यांनी वाचला होता आणि फेटाळला होता. त्यांच्या मते चतुर्थी देवगडला ज्या दिवशी, त्याच दिवशी सगळीकडे. आज ते क्रॉफिश खाणार होते आणि उद्या उपास करणार होते. मी वाटा पिशवीत भरत होते तेवढ्यात काकूंचा फोन आला. काकांना ऐकू कमी येतं म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात, त्यामुळे पुढचं सगळं दुकानाने ऐकलं.

"आज चतुर्थी आहे. रिकाम्या हाताने घरी या."

"आपला गणपती देवगडचा आहे, टेक्सासचा नाही."

"चंद्र कुठला बघून जेवता? इथलाच ना? मग चतुर्थीपण इथलीच."

काकांनी पिशवीकडे बघितलं. काकू कधीकाळी शाळेत गणित शिकवायच्या. पण पिशवी भरून झाली होती, पैसे दिले होते, आणि देवगडचा माणूस घेतलेली मासळी परत करत नाही. त्यांनी तसं हळू आवाजात सांगितलं.  मग काकूंनी निकाल दिला.

"घरात आणू नका. गॅरेजमध्ये ठेवा. गॅरेज घरात मोडत नाही. तिथल्या फ्रीजमध्ये तुम्ही काय काय ठेवता ते मी कधी विचारलंय का?"

आता हे ऐकून माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. मी काकांच्या हातातून फोन जवळजवळ ओढूनच घेतला आणि विचारलं, काकू, बाकीच्यांनाही असं चालेल का? काकू म्हणाल्या की शुक्रवारी चतुर्थी, शनिवारी मारुतीचा वार म्हणून कोणी खाणार नाही, रविवारी सगळे मोकळे. गॅरेजमध्ये ठेवायला काय हरकत आहे. आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती.

"पण रविवारपर्यंत जगतील का गं वंदना?"

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले होते की नेला त्या दिवशी शिजवा. आता खोटं बोलायला जीभ वळेना. मी म्हटलं, "सगळे नाही जगणार काकू. पाच पाउंडांत ओंजळभर जातील. ती ओंजळ मी आत्ताच वर टाकून देते." काकू म्हणाल्या, मग तसंच सगळ्यांना सांग.

मी फोन घेऊन बसले. सोळा फोन केले. प्रत्येकाला तेच सांगितलं. आईसबॉक्समध्ये खाली बर्फ, त्यावर ओला टॉवेल, त्यावर क्रॉफिश, वर पुन्हा ओला टॉवेल. झाकण थोडं उघडं. आणि खालचं भोक उघडं ठेवायचं, म्हणजे बर्फ वितळला की पाणी निघून जाईल. मेलेले निघतील ते टाकून द्यायचे, आणि रविवारी मी स्वतः येऊन निवडून देईन. दोघांनी सांगितलं की उपासाच्या दिवशी जीव दारात ताटकळत ठेवणं त्यांना बरं वाटत नाही. त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. चौदा जण हो म्हणाले. त्यांतल्या नऊ जणांकडे स्वतःचं गॅरेज होतं. पाच जण अपार्टमेंटमधले, त्यांना गॅरेज नव्हतं. पाटणकरकाका अजून काउंटरला टेकून उभे होते. ते म्हणाले, "माझं दोन गाड्यांचं आहे. एक गाडी बाहेर काढतो."

दुपारी तीनपासून माणसं यायला लागली. कपाळाला गंध, पोटात साबुदाण्याची खिचडी, हातात आईसबॉक्स. प्रत्येक वाट्यावर मी भरघोस ओंजळ टाकत होते. केव्हिन काट्याशेजारी हाताची घडी घालून उभा होता आणि प्रत्येक ओंजळीला त्याच्या भुवया वर जात होत्या. अशा ओंजळी टाकत गेल्यावर शंभर पाउंडांचे वीस वाटे कुठले व्हायला, अठराच झाले. आणि घेणारेही अठराच होते. सहाला दहा कमी असताना ट्रेमध्ये नुसतं पाणी होतं.

केव्हिनने वजनाचा कागद आईपुढे धरला. ट्रे रिकामा झाला खरा, पण किती पाउंड नुसते वाटून टाकले ते बघ, असं तो म्हणत असावा. लानबाईंनी कागद बघितला, ट्रे बघितला, मग त्यांच्या भाषेत त्याला काहीतरी लांबलचक सांगितलं. मी नंतर त्यांना विचारलं तर म्हणाल्या, त्यांची आई गावच्या बाजारात मासळी विकायची आणि तीही वर टाकायची. पण त्यांनी मुलाची एक गोष्ट मान्य केली. सोमवारपर्यंत एकाही घरून तक्रार आली तर सुटं बंद. म्हणजे माझा काउंटर आता पंधरा पेट्यांच्या बर्फावर अवलंबून होता.

शनिवारभर माझ्या जिवात जीव नव्हता. पाटणकरकाकांनी मात्र तो दिवस गाजवला. सहा आईसबॉक्स त्यांनी गॅरेजमध्ये ओळीने मांडले, प्रत्येकावर नाव चिकटवलं, आणि समोर खुर्ची टाकून बसले. दर तासाला मला मेसेज यायचा, 'सर्व कुशल.' त्यात त्यांचा दुसरा उपास होता. शुक्रवारी काकूंनी टेक्सासची चतुर्थी करायला लावली होती, आणि शनिवारी स्वतःच्या शब्दाखातर देवगडची करणं भाग होतं. दोन दिवस उपाशी माणूस सहा पेट्या क्रॉफिशसमोर बसला होता. पण बर्फ त्यांनी वेळेवर बदलला, हे मान्य करायला पाहिजे.

रविवारी सकाळी मी हातमोजे घालून निघाले. नऊ गॅरेज हिंडले. झाकण उघडायचं, हात घालायचा, हलला नाही तो बाजूला. प्रत्येक पेटीत मेलेले साधारण ओंजळभरच होते, कुठे थोडे कमी. शेवटी पाटणकरांकडे पोचले. पाच अपार्टमेंटवाले आधीच जमले होते, ड्राइव्हवेवर हंडा चढला होता. पाच पेट्या चांगल्या निघाल्या. सहावी, काकांची स्वतःची, उघडली. आत वीतभर पाणी आणि त्यात सगळे निपचित.

काका जमिनीकडे बघत होते. मग हळूच सगळं बाहेर आलं. शनिवारी दुपारी त्या पेटीतलं पाणी वाहत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलं. काकू ओरडतील म्हणून त्यांनी भोक बंद केलं आणि नंतर उघडायचं विसरले. दुसऱ्यांच्या पाच पेट्यांची भोकं मात्र दर तासाला तपासली. मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "खाऱ्या पाण्यातले असते तर मेले नसते." काकू पायरीवर उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "आता तरी गप्प बसा."

मला सोमवार दिसायला लागला. काका मनाने चांगले, पण हेच काका ती वाटी काट्यावर आणून ठेवणारे. सोमवारी दुकानात येऊन नुसतं सांगितलं असतं तरी माझा काउंटर गेला असता. आणि त्यांचा तो पडलेला चेहरा बघवत नव्हता, ते वेगळं. तेवढ्यात पुण्याची ती बाथटबवाली मुलगी पुढे आली. आता तिला कडेवर एक मूल होतं. तिने स्वतःच्या पेटीतून ओंजळभर क्रॉफिश काढले आणि काकांच्या रिकाम्या परातीत टाकले. मग बाकीच्या चौघांनी टाकले. कोणी मोजलं नाही. काकांचा वाटा होता त्याहून मोठा झाला.

हंड्यात सगळं एकत्र गेलं. इथला मसाला होताच, काकूंनी वरून मालवणी मसाल्याची अख्खी डबी उपडी केली. टेबलावर ढीग ओतला. काकांनी पहिला उचलला, शेपटी मोडली, आणि सगळ्यांदेखत डोकं चोखलं. आम्ही सगळे त्यांच्याकडे बघत होतो. दोन दिवसांच्या उपासानंतर ते म्हणाले, "वाईट नाही." देवगडच्या माणसाने गोड्या पाण्यातल्या जिवाला याहून मोठं प्रशस्तिपत्र दिल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

सोमवारी तक्रार आली नाही. काउंटर राहिला, मीही राहिले. केव्हिनने एकच सुधारणा केली. मंदिरात जाऊन त्यांचं कॅलेंडर मागून आणलं आणि माझ्या नागपूरच्या कॅलेंडरशेजारी टांगलं. मग दर महिन्याला दोन्ही शेजारी ठेवून लाल पेनने गोल करायचा आणि मला विचारायचा, नागपूर मून ऑर टेम्पल मून? वर टाकण्याबद्दल मात्र तो शेवटपर्यंत कुरकुरत राहिला. माझा हात पिशवीकडे गेला की तो मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

या वर्षी मेअखेर मी काम सोडलं. गुडघे ऐकेनात. निरोपाला लानबाईंनी मला मोठी सुरमई दिली आणि मी त्यांना साडी. आपण आता गिऱ्हाईक म्हणून यायचं, ही कल्पना मला फार आवडली होती. पुढच्याच शुक्रवारी मी नटूनथटून गेले, रांगेत उभी राहिले. काउंटरवर केव्हिन होता. माझा नंबर आला तेव्हा मी ऐटीत म्हटलं, पाच पाउंड.

त्याने हात पुढे केला नाही. मागे वळून भिंतीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मिस वंदना, नॉट टुडे. टुडे इज युअर मून."

मी कॅलेंडर बघितलं. नागपूरचं उद्याचं सांगत होतं. घरी तसलंच दुसरं आहे, ते बघून मी निघाले होते. मंदिराच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेला लाल गोल होता. चौदा वर्षं सगळ्या अर्विंगचे उपास मी सांभाळले, आणि माझा उपास त्या दिवशी सांभाळला तो केव्हिनने.  तो म्हणाला, रविवारी या, तुमचा वाटा बाजूला ठेवतो.

रविवारी गेले. पिशवी बांधून तयार होती, केव्हिन फोनवर होता, नुसती मान हलवली. मी मागितलं नाही. मागायला लाज वाटली. घरी येऊन पिशवी परातीत उपडी केली, मेलेला एकही नव्हता. सहज म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. सव्वापाच भरलं.